एक रंग, तीन आकडे: हेडरमधल्या सांध्याचं प्रकरण

एका प्रशिक्षण संस्थेचं संकेतस्थळ नव्याने बांधलं जात होतं. मजकूर भरून झाला होता, पानं मोबाइलवर नीट बसत होती, पण वरची पट्टी, म्हणजे हेडर, काही केल्या जुळत नव्हती. पट्टी तशी साधीच. डावीकडे लोगो, मध्ये गडद हिरवट-निळा सपाट रंग आणि उजवीकडे वर्गात चाललेल्या कामाचा फोटो. फोटोची डावी कड हळूहळू त्याच हिरवट-निळ्यात विरून जाते, अशी रचना होती. हा रंग संस्थेने ठरवून घेतलेला आहे आणि त्याचे ० ते २५५ या मापातले आकडेही ठरलेले आहेत: लाल १५, हिरवा ११८, निळा ११०. तिन्ही भाग मिळून एक सलग पट्टी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात लोगोमागचा चौकोन एका छटेचा, मधला भाग दुसऱ्या आणि फोटोची कड तिसऱ्याच. दोन ठिकाणी उभा सांधा स्पष्ट दिसत होता.

हे तीन तुकडे तीन वेगळ्या माणसांनी केले होते आणि प्रत्येकाला आपल्या तुकड्याची खात्री होती. लोगो करणाऱ्याने आपली फाइल उघडून दाखवली, रंग बरोबर. फोटोवर काम करणाऱ्या डिझायनरने फोटोशॉपमध्ये आपला तुकडा, म्हणजे कडेच्या रंगासकट फोटोचा बॅनर, उघडला, तिथेही तोच रंग. कोड लिहिणाऱ्याने सांगितलं की त्याने रंग मंजूर झालेल्या डिझाइनवरूनच उचललाय. मग कुणीतरी सुचवलं की मधल्या भागाचा रंग डोळ्यांनी बघत थोडा थोडा हलवून फोटोशी जुळवून टाकू. ती वाट मी बंद केली. फोटोशी जुळवलं की लोगोशी तुटणार, लोगोशी जुळवलं की फोटोशी. शिवाय डोळ्यांनी जुळवलेला रंग ज्या स्क्रीनवर जुळवला तिथेच जुळलेला राहतो.

तक्रारी दोन, प्रश्नही दोन

संस्थेच्या समन्वयक मॅडमच्या बोलण्यात दोन तक्रारी एकत्र येत होत्या. "रंग आमच्या लेटरहेडसारखा दिसत नाही" ही एक आणि "पट्टीत रेघ दिसते" ही दुसरी. या दोन्ही एकदम सोडवायला गेलं की काम भरकटतं, म्हणून त्या पहिल्याच बैठकीत वेगळ्या केल्या.

एखादा रंग अपेक्षेपेक्षा वेगळा दिसणं हा स्क्रीनचा, खोलीतल्या उजेडाचा, रात्री स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सेटिंगचा परिणाम असू शकतो. पण स्क्रीन पिवळी झाली तर सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्याच पिवळ्या होतात. सांधा म्हणजे शेजारच्या दोन रंगांमधला फरक, आणि तो फरक जर लॅपटॉपवर, मोबाइलवर, जुन्या मॉनिटरवर, सगळीकडे दिसत असेल तर दोष स्क्रीनकडे जात नाही. तो फाइलमध्ये किंवा कोडमध्ये असतो. आमच्या बाबतीत तो सगळीकडे दिसत होता. वाचकाच्या हातातली स्क्रीन कशी आहे यावर आपला काडीचा ताबा नसतो, पण पानावरचे दोन भाग एकमेकांशी जुळलेले असणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. म्हणून सगळी ताकद आधी सांध्यावर लावायची आणि लेटरहेडचं नंतर बघायचं, असं ठरलं.

तपास

तपासाची सुरुवात संगणकातल्या मूळ फाइलींपासून न करता संकेतस्थळावर प्रत्यक्ष चढलेल्या फाइलींपासून केली. हे मी नेहमीच आग्रहाने करतो, कारण मूळ फाइल आणि ब्राउझरपर्यंत पोचलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि मधल्या टप्प्यात बरंच काही घडतं. तिन्ही तुकडे थेट पानावरून उतरवून घेतले. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये, फाइलला प्रोफाइल (रंगाचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी नोंद) नसेल किंवा जुळत नसेल तर उघडताना विचार, ही सूचना चालू केली. आयड्रॉपरचा, म्हणजे चित्रातून रंगाचे आकडे उचलणाऱ्या साधनाचा, नमुना एका पिक्सेलऐवजी पाच बाय पाचच्या सरासरीवर ठेवला, कारण जेपेगमध्ये, म्हणजे फोटो दाबून साठवणाऱ्या फाइलप्रकारात, शेजारशेजारचे पिक्सेल किंचित इकडेतिकडे असतात आणि एकटा पिक्सेल दिशाभूल करतो.

आकडे असे आले. लोगोमागचा चौकोन १५, ११८, ११०. बॅनरची सपाट कड ६८, ११७, ११०. आणि कोडमध्ये मधल्या भागासाठी लिहिलेला रंग ५३, ११६, ११०.

या तीन ओळी शेजारी लिहून बघितल्यावर प्रकरण अर्धं उलगडलं. हिरवा आणि निळा जवळजवळ जागेवर आहेत, फक्त लाल उड्या मारतोय: १५, ६८, ५३. कुणी हाताने रंग चुकवला असता तर तिन्ही आकडे थोडेथोडे विस्कटले असते. एकच आकडा असा पद्धतशीर हलतो तेव्हा बहुतेक वेळा कलर स्पेस, म्हणजे कोणता आकडा कोणता रंग दाखवतो हे ठरवणारी पद्धत, बदललेली असते.

रंगाचे तीन आकडे स्वतःहून काहीच सांगत नाहीत. ते कोणत्या कलर स्पेसमधले आहेत हे ठाऊक नसेल तर ते एकक न लिहिलेल्या मापासारखे असतात. 'पाच' म्हटलं, पण पाच फूट की पाच मीटर हे सांगितलंच नाही. चित्राच्या फाइलमध्ये हे एकक लिहून ठेवायची जागा म्हणजे आयसीसी प्रोफाइल. वेबवर सर्वत्र गृहीत धरलेली कलर स्पेस एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती १९९६ मध्ये सुचवली आणि १९९९ मध्ये आयईसी ६१९६६-२-१ या क्रमांकाने ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पानाच्या कोडमध्ये नेहमीच्या पद्धतीने रंगाचे आकडे लिहिले की ते एसआरजीबीतलेच मानले जातात. प्रोफाइल नसलेलं चित्रही ब्राउझर साधारणपणे एसआरजीबीच समजतो.

छायाचित्रकारांच्या कामात मात्र अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) ही दुसरी कलर स्पेस चांगलीच रुळलेली आहे. ज्यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग बनतात त्या मूळ रंगांपैकी लाल आणि निळा दोन्हींत एकच आहे, पांढराही एकच. हिरवा तेवढा वेगळा. अ‍ॅडोबी आरजीबीचा हिरवा अधिक शुद्ध असल्यामुळे एसआरजीबीतला हिरवट-निळा तिच्या आकड्यांत मांडायचा तर त्यात लाल मिसळून तो शांत करावा लागतो. गणित करून बघा: एसआरजीबीतला १५, ११८, ११० अ‍ॅडोबी आरजीबीत नेला की ६८, ११७, ११० होतो. आमच्या बॅनरमधले आकडे नेमके हेच.

म्हणजे बॅनरमधला रंग चुकलेला नव्हताच. तो बरोबर रंगच होता, फक्त दुसऱ्या कलर स्पेसच्या आकड्यांत लिहिलेला. डिझायनरला छायाचित्रकाराकडून अ‍ॅडोबी आरजीबीतला फोटो आला होता. त्याने लोगोच्या फाइलमधून रंगाचा तुकडा उचलून त्या फोटोवर आणला आणि फोटोशॉपने दिसणं कायम राहावं म्हणून आकडे बदलून दिले. जेपेग तयार झाली तेव्हा तिच्यात प्रोफाइलही होतं. पुढे संकेतस्थळावर चित्र चढवताना आकार कमी करणाऱ्या यंत्रणेने फाइलमधली 'अनावश्यक' माहिती काढून टाकली आणि तिच्याबरोबर प्रोफाइलही गेलं. अ‍ॅडोबी आरजीबीचं प्रोफाइल अवघं ५६० बाइटचं असतं. तेवढे बाइट वाचले आणि ब्राउझरने ६८, ११७, ११० हे आकडे एसआरजीबीतले समजून एक मळकट, राखाडीकडे झुकणारा रंग रंगवला.

याची खूण फोटोतही होती. मॅडमनी आधीच म्हटलं होतं की फोटोतली मुलं दमल्यासारखी दिसतात. करडे आणि पांढरे भाग दोन्ही कलर स्पेसमध्ये जवळपास सारख्याच आकड्यांचे असल्यामुळे भिंत, कागद, फळा यांत काही वावगं वाटत नव्हतं. चेहऱ्यांवरचा तांबूसपणा मात्र उतरला होता. करडं ठीक आणि त्वचा फिकी असं एकत्र दिसलं की प्रोफाइल हरवल्याची शंका घ्यावी.

शंका पक्की करायला फोटोशॉपमध्ये 'असाइन प्रोफाइल' वापरलं. उतरवून घेतलेल्या बॅनरला अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) लावताच कड लोगोच्या रंगाशी जुळली आणि चेहऱ्यांवर जान आली. इथे दोन आज्ञांमधला फरक नीट लक्षात असावा लागतो. 'असाइन' आकड्यांना हात लावत नाही, फक्त त्यांचा अर्थ बदलते, म्हणून दिसणं बदलतं. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' दिसणं राखते आणि त्यासाठी आकडे बदलते. निदान करायचं ते असाइनने, दुरुस्ती करायची ती कन्व्हर्टने. गिंप या चित्रसंपादकातही इमेज मेन्यूतल्या कलर मॅनेजमेंटखाली या दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या आहेत.

राहिला कोडमधला ५३. तो डिझाइनवरून उचलला होता खरा, पण स्क्रीनशॉटवरून. मॅकवर घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या स्क्रीनचं प्रोफाइल जोडलेलं असतं आणि अलीकडच्या मॅकच्या स्क्रीन डिस्प्ले पी३ या रुंद कलर स्पेसच्या जवळपासच्या असतात. आमचा १५, ११८, ११० डिस्प्ले पी३च्या आकड्यांत ५३, ११६, ११० होतो. स्क्रीनशॉट उघडून आयड्रॉपर टेकवला, आलेला आकडा कोडमध्ये लिहिला, आणि लिहिताक्षणी तो एसआरजीबीतला झाला. स्क्रीनशॉटवरून रंग घ्यायचाच असेल तर आधी तो एसआरजीबीत कन्व्हर्ट करावा. मॅकवरच्या डिजिटल कलर मीटरमध्येही नेटिव्ह आकड्यांऐवजी एसआरजीबीतले आकडे दाखवायची सोय आहे, ती निवडावी. पण खरं सांगायचं तर संस्थेचे ठरलेले आकडे कागदावर लिहिलेले असताना स्क्रीनशॉटकडे जायचं कारणच नाही.

दुरुस्ती

सर्वात सोपा उपाय समोर होता: उतरवलेल्या बॅनरला अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करायचं, एसआरजीबीत कन्व्हर्ट करायचं, पुन्हा चढवायचं. तो घेतला नाही, आणि त्याची दोन कारणं इथे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

पहिलं कारण आकड्यांच्या नाजूकपणाचं. अ‍ॅडोबी आरजीबीतला ६८ एसआरजीबीत येऊन १५ होतो, हे झालं. पण जेपेगच्या दाबादाबीत तिथे ६८ ऐवजी ६९ उरला असेल तर त्याचा १६ होत नाही, सुमारे २० होतो. आणि ६७ उरला असेल तर सुमारे ७. म्हणजे तिकडची एक पायरी इकडे पाच ते आठ पायऱ्यांची होते, कारण हा रंग एसआरजीबीच्या अगदी काठावर, लाल जवळजवळ संपतो तिथे बसतो. एकदा दाबलेल्या जेपेगमधून हा रंग परत मिळवायला गेलं तर सपाट भागावर चट्टे उठतात. दुरुस्ती नेहमी मूळ, थरांसकट असलेल्या फाइलवर करावी. ती १६ बिटांची, म्हणजे रंगाच्या पायऱ्या जास्त बारीक असलेली, असेल तर उत्तमच.

दुसरं कारण त्याहून मूलभूत आहे. समजा सगळं एसआरजीबीत आहे, प्रोफाइल शाबूत आहे, तरीही जेपेग हा सपाट रंग जसाच्या तसा राखू शकत नाही. जेपेग रंग साठवताना त्याचं उजळपणा आणि दोन रंगफरक अशा तीन आकड्यांत रूपांतर करते आणि ते पूर्णांकांत साठवते. १५, ११८, ११० चं रूपांतर ८६, १४१, ७७ असं होतं आणि उलट फिरवलं की हाती येतं १४, ११८, १०९. इथपर्यंत दाबणं सुरूही झालेलं नाही, ही फक्त पूर्णांक करण्याची किंमत आहे. पुढे दर्जा जितका खाली आणाल तितका फरक वाढत जातो. फोटोच्या आत एखाद्या पायरीचा फरक कुणालाही दिसणार नाही. पण दोन मोठे सपाट भाग एका सरळ कडेवर भेटतात तिथे डोळा फार तिखट होतो आणि दोन-तीन पायऱ्यांची कडही जाणवते.

म्हणून ठरवलं की जो रंग पानाच्या सपाट रंगाशी जुळायचा आहे तो चित्रात रंगवायचाच नाही. तो एकाच ठिकाणी, कोडमध्ये, एकदाच लिहायचा आणि चित्राच्या मागून किंवा वरून तोच दिसू द्यायचा.

बॅनरमधून हिरवट-निळ्याचा थर काढून टाकला. उरला नुसता फोटो. तो मूळ फाइलमधून एसआरजीबीत कन्व्हर्ट केला, कन्व्हर्ट करताना भडक रंगाचे कपडे कुठे सपाट होत नाहीत ना हे बघितलं आणि प्रोफाइलसह जेपेग केली. विरून जाण्याचा परिणाम कोडमधल्या ग्रेडियंटने दिला: एका टोकाला संस्थेचा रंग पूर्ण, दुसऱ्या टोकाला तोच रंग शून्य अपारदर्शकतेचा. दुसऱ्या टोकाला नुसतं 'ट्रान्सपरंट' असं लिहिलं नाही, कारण जुन्या सफारी ब्राउझरमध्ये त्याचा अर्थ पारदर्शक काळा असा घेतला जातो आणि विरणाऱ्या भागात करडी सावली पडते. ग्रेडियंट कोडमध्ये जमण्यासारखा नसता, म्हणजे विरण्याची कड वेडीवाकडी असती, तर पारदर्शकता राखणारं चित्र वापरलं असतं. फोटोसाठी पीएनजी फार जड पडते. वेबपी मात्र फोटोसारखी दाबलीही जाते आणि पारदर्शकताही राखते.

लोगोची फाइल रंगाच्या बाबतीत निर्दोष होती, पण तिच्यामागचा चौकोनही काढायला सांगितला. जो रंग आज जुळतोय तो उद्या संस्थेने ठरलेला रंग किंचित बदलला की पुन्हा सांधा दाखवणार. पारदर्शक लोगो आला तो पांढऱ्या किनारीसकट. हे जवळून बघण्यासारखं होतं. लोगोतलं चिन्ह गडद पिवळं, २४५, १५८, ११. ते कधीतरी पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापलेलं. गोलाईवरचे अर्धे झाकलेले पिक्सेल पिवळा आणि पांढरा यांच्या मिश्रणाचे होते, साधारण २५०, २०७, १३३, फिकट मलईसारखे. हिरवट-निळ्यावर तिथे खरं तर पिवळा आणि हिरवट-निळा यांचं मिश्रण हवं, सुमारे १३०, १३८, ६१. चिन्ह आठपट मोठं करून बघितलं तर कडेभोवती फिकट पिक्सेलांची माळ दिसत होती, आणि मूळ आकारात तीच माळ चिन्हाला एक घाणेरडी चमक देत होती. फोटोशॉपमध्ये लेयर मेन्यूतल्या मॅटिंगखाली पांढरी किनार काढायची आज्ञा आहे आणि ती बऱ्यापैकी काम करते. आम्हाला तिची गरज पडली नाही, कारण लोगोची व्हेक्टर (पिक्सेलांऐवजी रेषा-आकारांत साठवलेली) फाइल मिळाली आणि एसव्हीजी या प्रकारात ती थेट पानावर ठेवता आली. लोगोसाठी एसव्हीजी मिळत असेल तर दुसरं काही शोधूच नये.

चित्र चढवताना प्रोफाइल गाळणारी यंत्रणाही सुधारून घेतली. तिला आता आधी एसआरजीबीत कन्व्हर्ट करायला सांगितलं आहे आणि मगच बाकीची माहिती काढायला. हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात.

सांधा गेला की नाही हे नुसतं बघून ठरवलं नाही. पानाचा स्क्रीनशॉट एसआरजीबीत कन्व्हर्ट केला, त्यावर १५, ११८, ११० चा भरीव लेयर ठेवला आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' केला. जिथे दोन्ही एकच तिथे शुद्ध काळं दिसतं. वर लेव्हल्सचा थर टाकून उजळ बाजूचा त्रिकोण डावीकडे पार ओढला की एखाद्या पायरीचा फरकही उजेडासारखा फुटतो. सपाट भाग सगळीकडे काळाच राहिला.

या मांडणीचा एक फायदा नंतर दिसला. मॅडमच्या टेबलावरचा मोठा मॉनिटर रुंद कलर स्पेसचा होता आणि त्या फायरफॉक्स वापरत. फायरफॉक्सच्या बराच काळ चालत आलेल्या मूळ सेटिंगप्रमाणे प्रोफाइल असलेली चित्रंच स्क्रीनसाठी सुधारली जातात; कोडमधले रंग आणि प्रोफाइल नसलेली चित्रं जशीच्या तशी स्क्रीनकडे जातात. अशा मॉनिटरवर प्रोफाइल असलेल्या जेपेगमधला सपाट रंग आणि कोडमधला तोच रंग वेगळे दिसतात, आकडे कितीही अचूक असोत. आमच्या पट्टीत चित्राच्या आत सपाट रंग उरलाच नव्हता, म्हणून तिथेही सांधा दिसला नाही.

सहा चेहरे, एक करडी भिंत

हेडर मार्गी लागल्यावर प्रशिक्षकांच्या पानाचा विषय निघाला. सहा जणांचे फोटो एका ओळीत, प्रत्येकाच्या मागे करडी भिंत, पण फोटो वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर, वेगवेगळ्या उजेडात काढलेले. एकाची भिंत २१२, २०८, १९७ अशी पिवळसर, दुसऱ्याची १८८, १९५, २०६ अशी निळसर. इथे प्रोफाइलचा काही संबंध नव्हता, सगळे फोटो एसआरजीबीतच होते. म्हणून उपायही वेगळा.

फोटोशॉपमधल्या 'मॅच कलर'चा मोह इथे होतो. एका चित्राचे रंग दुसऱ्याकडे झुकवण्यासाठीच ती सोय आहे. एकाच दृश्याच्या दोन फोटोंसाठी ती छान चालते. पण ती संपूर्ण चित्राच्या रंगांचा झुकाव बघते. एका फोटोत लाल कपडे असतील आणि दुसऱ्यात पांढरे, तर कपड्यांतला फरक तिला उजेडातला फरक वाटतो आणि पांढऱ्या कपड्यांवर गुलाबी झाक येते. सहा वेगळ्या माणसांच्या सहा फोटोंना ती लागू पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी भिंतीचा एक ठरावीक भाग धरला: प्रत्येक फोटोत डाव्या खांद्याच्या वर, कोपऱ्यापासून दूर. कोपरे मुद्दाम टाळले, कारण भिंगामुळे ते मधल्या भागापेक्षा काळवंडलेले असतात. त्या जागी कलर सॅम्पलर टेकवला आणि इन्फो पॅनल बघत कर्व्ह्जमध्ये प्रत्येक रंगाची रेघ वेगळी हलवली, तिन्ही आकडे २०० च्या आसपास एकत्र येईपर्यंत. पिवळसर भिंतीसाठी लाल थोडा खाली, निळा किंचित वर. निळसर भिंतीसाठी उलटं. वरचं आणि खालचं टोक जागेवर ठेवलं, नाहीतर केसांच्या काळ्यात रंग शिरतो.

पाच फोटो असे सरळ बसले. सहाव्याने अडवलं. भिंत करडी होताच माणसाचा चेहरा निळा पडला. फोटो नीट बघितल्यावर कारण सापडलं: भिंतीवर खोलीतल्या दिव्याचा पिवळा उजेड होता आणि चेहऱ्यावर खिडकीतून येणारा दिवसाचा. एकाच फोटोत दोन उजेड. भिंतीसाठी केलेली दुरुस्ती चेहऱ्यावर लादली जात होती. तिथे मास्क करून, म्हणजे चेहरा झाकून, भिंत वेगळी दुरुस्त केली आणि चेहऱ्याला जेमतेम हात लावला. मास्कची कड केसांच्या बाहेरून मऊ ठेवली. अशा ठिकाणी आकडे माघार घेतात आणि त्वचा कशी दिसते हेच शेवटचं प्रमाण मानावं लागतं. ओळीतले बाकीचे पाच चेहरे शेजारी ठेवून, त्यांच्या मानाने, ते ठरवलं.

तळाची पट्टी आणि लेटरहेड

काम दाखवल्यावर मॅडमनी विचारलं, "वरची पट्टी आता छान झाली, पण खालची पट्टी अजून वेगळी दिसतेय. ती राहिली का?"

खालच्या पट्टीचा रंगही कोडमधल्या त्याच ओळीतून येत होता. डिफरन्सने तपासला, काळाच. फरक शेजाराचा होता. वरच्या पट्टीखाली पांढरं पान सुरू होतं. खालची पट्टी एका भडक केशरी पट्ट्याला चिकटून होती आणि केशरीच्या शेजारी हिरवट-निळा अधिक निळा, अधिक गार दिसतो. मिशेल युजीन शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलां विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना काळ्या रंगाच्या फिकेपणाची तक्रार त्यांच्यापुढे आली होती. रंग तपासला तर त्यात खोट निघाली नाही. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासत होता. शेजारच्या रंगांच्या या परिणामाची सविस्तर मांडणी त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. मॅडमना दिसलेला फरक म्हणूनच खरा होता, फक्त तो रंगाचे आकडे बदलून दुरुस्त करायचा नव्हता. खालच्या पट्टीला वेगळा आकडा दिला असता तर संस्थेचे दोन रंग झाले असते आणि पुढे कुठला खरा याचा घोळ कायमचा. केशरी पट्टा सौम्य केला आणि दोन्हींमध्ये पांढरी मोकळी जागा सोडली. तेवढ्याने पट्ट्या एका रंगाच्या दिसू लागल्या.

मग लेटरहेड. ते त्यांनी स्क्रीनला टेकवून धरलं. छापील कागद खोलीतला उजेड परतवतो आणि स्क्रीन स्वतःचा उजेड फेकते. खोलीतला दिवा बदलला की कागद बदलतो, स्क्रीन तशीच राहते. छपाईची शाई हा रंग आपल्या पद्धतीने गाठते आणि वाचकांच्या हजार स्क्रीन तो हजार तऱ्हांनी दाखवतात. हे समजावून सांगितल्यावर मॅडमनी एक रास्त प्रश्न विचारला: मग खरा रंग म्हणायचा कुठला? त्याचं उत्तर आम्ही संस्थेच्या रंगाच्या कागदावरच लिहून दिलं. स्क्रीनसाठी १५, ११८, ११०, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'एसआरजीबी'. छपाईसाठी छापखान्याने चांगल्या उजेडात मंजूर करून घेतलेला छापील नमुना, तारखेसह. या दोन नोंदी वेगळ्या ओळींत आहेत आणि एकीवरून दुसरी काढायची नाही, अशी सूचना खाली आहे. लोगो करणारा, डिझायनर आणि कोड लिहिणारा, तिघांकडेही आता हाच कागद आहे.